क्रिएटिनिन उतरलं, पण किडनी सुधारली का?

पत्र

माझे वडील ६२ वर्षांचे आहेत. १४ वर्षांपासून मधुमेह आणि बीपी आहे. दोन महिन्यांपूर्वी ताप आणि उलट्यांतून उठल्यावर रक्त तपासलं, तर क्रिएटिनिन २.४ आलं. किडनी निम्म्याहून कमी काम करतेय, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही सगळेच घाबरलो. त्याच आठवड्यात आत्याच्या यजमानांनी एक चूर्ण आणून दिलं. त्यात गोखरू, पुनर्नवा आणि ‘आणखी काही मुळ्या’ आहेत असं सांगितलं. पाकिटावर घटकांची यादी नाही. सोबत पथ्य दिलं: मांसाहार बंद, मीठ अगदी कमी, रात्रीचं जेवण हलकं आणि ‘इंग्रजी गोळ्या’ जमेल तेवढ्या बंद. बाबांनी गुडघ्यांसाठी रोज घेत असलेली वेदनाशामक गोळी सोडली आणि बीपीची टेल्मिसार्टनही सोडली. सहा आठवड्यांनी क्रिएटिनिन २.० आलं. वजन चार किलो उतरलंय. लघवी जास्त होते, तिला फेस येतो. बाबा म्हणतात, आतली घाण निघून जातेय. आता ते डॉक्टरांकडे यायलाच तयार नाहीत. रिपोर्ट पुढे करतात आणि विचारतात, “मग हे काय खोटं आहे?” माझ्याकडे उत्तर नसतं. चूर्ण चालू ठेवावं का? आणि आईनेही (वय ५८, तिला बीपी आहे) खबरदारी म्हणून तेच सुरू करावं असं घरात चाललंय. ते बरोबर आहे का?

— वडिलांची काळजी वाटणारी मुलगी

उत्तर

ताई, बाबांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. रिपोर्ट खोटा नाही. क्रिएटिनिन २.४ वरून २.० वर आलं हे खरं. पण त्या सहा आठवड्यांत चूर्णाखेरीज आणखी पाच गोष्टी बदलल्या. त्या सगळ्या तुमच्याच पत्रात आहेत आणि पाचही क्रिएटिनिन खाली आणणाऱ्या आहेत. त्यांतल्या दोन खरोखर चांगल्या आहेत, दोन नुसता आकडा हलवणाऱ्या, आणि एक अशी, की तिच्यामुळे आकडा उतरतो आणि किडनी मात्र आतून झिजत राहते. मला काळजी वाटते ती या शेवटच्या गोष्टीची.

कारणं सांगण्याआधी काय करायचं ते सांगते, कारण त्याला उशीर नको.

चूर्ण आजच थांबवा. पाकीट फेकू नका, उरलेल्या चूर्णासकट जपून ठेवा. उद्या-परवापर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्या. सकाळच्या पहिल्या लघवीत अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं प्रमाण मोजायला द्या. घरी बीपी मोजून कागदावर लिहून ठेवा. मग डॉक्टरांना फोन करून टेल्मिसार्टन किती दिवस बंद आहे, चूर्ण किती दिवस घेतलं आणि आजचं बीपी किती आहे, हे स्पष्ट सांगा. टेल्मिसार्टन आपल्या मनाने लगेच सुरू करू नका. त्या गोळीने पोटॅशियम वाढू शकतं, आणि चूर्णाने ते आधीच वाढलेलं असण्याची शक्यता आहे. रिपोर्ट हातात आला की गोळी कधी आणि किती डोसने सुरू करायची ते डॉक्टर ठरवतील. मधुमेहाची औषधंही बाबांनी सोडली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तेही आज विचारून घ्या. सोडली नसतील तर वेगळी काळजी आहे: जेवण कमी झालं, वजन उतरलं आणि किडनी मंद असली, की त्याच डोसने रात्री साखर फार खाली जाऊ शकते.

हातापायांतली ताकद एकाएकी गेली, छातीत धडधडलं किंवा ठोके चुकल्यासारखे वाटले, धाप लागली, लघवी फारच कमी झाली, गुंगी आली, यातलं काहीही दिसलं तर रिपोर्टची वाट न पाहता थेट हॉस्पिटलमध्ये न्या.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येऊ.

क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो गाळून लघवीतून बाहेर टाकते. रक्तात तो किती उरतो हे दोन गोष्टींवर ठरतं: शरीरात किती तयार झाला आणि किडनीने किती बाहेर टाकला. रिपोर्ट वाचताना आपण फक्त दुसरी गोष्ट धरतो आणि पहिली विसरतो. क्रिएटिनिन स्वतः किडनीला इजा करत नाही. ते नुसतं मोजमाप आहे. म्हणून ‘क्रिएटिनिन कमी करणारं औषध’ ही कल्पनाच मला चुकीची वाटते. औषध किडनी वाचवणारं असावं लागतं.

बाबांचा पहिला रिपोर्ट ताप आणि उलट्यांनंतरचा आहे. उलट्यांनी शरीरातलं पाणी कमी होतं, किडनीकडे जाणारा रक्ताचा ओघ घटतो आणि क्रिएटिनिन तात्पुरतं वर जातं. माणूस नीट खाऊ-पिऊ लागला की ते आपोआप उतरतं. त्यामुळे २.४ हा बाबांच्या किडनीचा नेहमीचा आकडा नसण्याचीच शक्यता जास्त. जुनाट किडनीविकार म्हणायला बिघाड निदान तीन महिने टिकलेला असावा लागतो, तो नियम याचसाठी आहे. आजारपणापूर्वीचे, वर्ष-दोन वर्षांतले जुने रिपोर्ट घरात असतील तर शोधा. एका आकड्यापेक्षा ओळीने लावलेले चार आकडे डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगतात.

दुसरी गोष्ट म्हणजे गुडघ्यांची गोळी, आणि माझ्या मते बाबांनी या दोन महिन्यांत केलेलं सर्वांत चांगलं काम हेच. किडनीत शिरणारी बारीक रक्तवाहिनी उघडी ठेवायला शरीर काही द्रव्यं तयार करतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामकं तीच द्रव्यं रोखतात. वाहिनी आवळते आणि गाळायला रक्तच कमी पोचतं. मधुमेह, बीपी, त्यात टेल्मिसार्टन, आणि वर रोजची अशी गोळी, हा फार वाईट मेळ आहे. ती गोळी सुटली आणि क्रिएटिनिन उतरलं, यात नवल काहीच नाही. याचं श्रेय बाबांना नक्की द्या. आणि ती गोळी परत सुरू होऊ देऊ नका. गुडघ्यांसाठी दुसरे उपाय आहेत. त्याच भेटीत डॉक्टरांना विचारा.

मांसाहार बंद केल्याने आणि वजन उतरल्याने नुसता आकडा हलतो. शिजवलेल्या मांसातून थोडं क्रिएटिनिन थेट रक्तात येतं; ते थांबलं. चार किलो वजनात चरबी किती आणि स्नायू किती, हे काट्यावर कळत नाही, पण ६२ वर्षांचा मधुमेही माणूस सहा आठवड्यांत चार किलो उतरला तर त्यात स्नायू गेलेच असणार. स्नायू कमी, तर क्रिएटिनिनही कमी. किडनी होती तिथेच राहते आणि रिपोर्ट मात्र चांगला दिसू लागतो. वय, लिंग आणि क्रिएटिनिन यांवरून किडनीच्या गाळण्याचा अंदाज काढतात, त्याला ईजीएफआर म्हणतात. बाबांच्या बाबतीत तो साधारण ३० वरून ३७ वर गेलेला दिसेल. पण हे सूत्र माणसाचे स्नायू बदलले नाहीत असं गृहीत धरतं. शंका असेल तेव्हा सिस्टॅटिन सी नावाची दुसरी रक्ततपासणी करतात. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा.

उरली पाचवी गोष्ट, टेल्मिसार्टन. इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण बाबांची सगळी समजूत याच ठिकाणी उलटी फिरली आहे.

प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात. मधुमेहात या गाळण्यांमधला रक्ताचा दाब वाढतो. चाळणीवर पाण्याचा जोर वाढवला तर खाली पाणी जास्त पडतं खरं, पण जाळी ताणली जाते आणि एक दिवस फाटते. टेल्मिसार्टन गाळणीतून रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैल करतं आणि आतला दाब उतरवतं. दाब उतरला की गाळणंही पहिल्या काही आठवड्यांत थोडं कमी होतं, म्हणून क्रिएटिनिन किंचित वाढतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात, कारण त्याच किमतीवर गाळण्या पुढची कित्येक वर्षं टिकतात. गोळी बंद केली की दाब परत चढतो, गाळणं वाढतं आणि क्रिएटिनिन उतरतं. कागदावर सुधारणा दिसते. आत मात्र प्रत्येक ठोक्याला जाळीवर ताण पडत असतो.

हे नुसतं पुस्तकी तर्कट नाही. याच वर्गातल्या लोसार्टनची १,५१३ मधुमेही किडनीरुग्णांवर झालेली चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली; डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची वेळ येण्याचा धोका लोसार्टनने २८ टक्क्यांनी कमी झाला. किडनीचं काम फारच कमी झाल्यावर या गोळ्या बंद केल्या तर ती सावरेल का, हा प्रश्नही ब्रिटनमध्ये ४११ रुग्णांवर तपासला गेला. २०२२ मध्ये उत्तर आलं: गोळी बंद करणाऱ्यांची किडनी तीन वर्षांनंतर दुसऱ्यांपेक्षा जराही चांगली नव्हती. बाबांनी सोडायच्या गोळ्यांत हिचा नंबर सर्वांत शेवटी लागायला हवा होता.

लघवीबद्दल बाबांनी जे पाहिलंय ते बरोबर पाहिलंय, अर्थ चुकलाय. गोखरू आणि पुनर्नवा मूत्रल म्हणून पूर्वापार ओळखले जातात, म्हणजे लघवी वाढवणारे. पण लघवी वाढणं आणि रक्त जास्त गाळलं जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निरोगी किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला ९९ टक्के परत रक्तात ओढून घेतात. मूत्रल औषध या परत ओढण्यात अडथळा आणतं. पाणी जास्त जातं. गाळणीचं काम तेवढंच राहतं, आणि पाणी फार गेलं तर उलट कमी होतं.

फेसाबद्दल तर मला आत्ताच काळजी वाटते. लघवीत टिकून राहणारा फेस बहुतेक वेळा प्रथिनांचा असतो. ही प्रथिनं घाण नव्हेत; रक्तात राहायला हवीत ती ताणलेल्या जाळीतून गळताहेत. लघवीतली अल्ब्युमिनची तपासणी मी वर सांगितली ती यासाठीच. ३० पर्यंतचं प्रमाण चालतं, ३०० च्या वर गेलं तर गळती मोठी. हा आकडा आणि बीपी, या दोन गोष्टी बाबांच्या किडनीचं पुढचं भविष्य क्रिएटिनिनपेक्षाही चांगलं सांगतील. टेल्मिसार्टनने ही गळतीही कमी होते, आणि बाबांनी नेमकी तीच गोळी सोडली आहे.

आता चूर्णाकडे. मी वनस्पतींच्या विरोधात नाही, हे आधी सांगते, कारण असं लिहिलं की लोकांना तसंच वाटतं. माझा आक्षेप अज्ञात गोष्टीला आहे. गोखरू आणि पुनर्नवा मधुमेही किडनीरुग्णांची डायलिसिसची वेळ पुढे ढकलतात, असं कुठल्याही मोठ्या, दीर्घकाळ चाललेल्या चाचणीत दिसलेलं नाही. पुनर्नव्यात पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात. निरोगी किडनी जास्तीचं पोटॅशियम सहज बाहेर टाकते; निम्म्याहून कमी किडनीला ते जमत नाही. रक्तात ते ३.५ ते ५ च्या दरम्यान असावं लागतं. ६ च्या वर गेलं तर हृदयाची लय बिघडू शकते, आणि कित्येकदा आधी काहीच जाणवत नाही. (मीठ कमी करणं चांगलंच, पण त्याऐवजी ‘लो सोडियम’ मीठ घरात आलं असेल तर तेही बंद करा. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं.) गोखरूबद्दल सांगायचं तर, मुतखडा होऊ नये म्हणून गोखरूचं पाणी पिणाऱ्या इराणमधल्या एका २८ वर्षांच्या निरोगी तरुणाला झटके आले, यकृत आणि किडनी दोन्ही बिघडले, आणि ते पाणी बंद केल्यावर तो सुधारला, अशी नोंद २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. एका माणसाच्या नोंदीवरून गोखरू विषारी ठरत नाही. पण ‘काही नाही झालं तरी अपाय तर नाही ना’ हे वाक्यही त्यामुळे खरं उरत नाही.

मला त्याहून भीती वाटते ती ‘आणखी काही मुळ्यां’ची. यामागे एक मोठी घटना आहे आणि ती बाबांना जरूर सांगा. १९९० च्या सुमाराला ब्रुसेल्समधल्या वजन कमी करण्याच्या एका क्लिनिकमध्ये चिनी वनस्पतींच्या गोळ्या द्यायला सुरुवात झाली. काही काळाने तिथल्या तरुण, धडधाकट बायकांच्या किडन्या झपाट्याने निकामी होऊ लागल्या. १९९३ मध्ये डॉक्टरांनी हे जगापुढे मांडलं. पुढे उलगडलं ते असं: जी मुळी घालायची होती तिच्याऐवजी अरिस्टोलोकिया कुळातली दुसरी मुळी गोळ्यांत आली होती. त्या कुळात अरिस्टोलोकिक ॲसिड असतं. ते किडनीच्या बारीक नळ्यांच्या पेशींत शिरून जनुकांनाच इजा करतं. शंभरहून अधिक बायका यात सापडल्या. गोळ्या थांबवल्यावरही पुष्कळ जणींच्या किडन्या खालावतच गेल्या. पुढे त्यांच्यापैकी ३९ जणींच्या निकामी झालेल्या किडन्या आणि मूत्रवाहिन्या काढून तपासल्या, तेव्हा १८ जणींना मूत्रमार्गाचा कॅन्सर आढळला. हे २००० मध्ये प्रसिद्ध झालं. हेच विष डॅन्यूब नदीच्या उपनद्यांकाठच्या गावांतही पिढ्यान्‌पिढ्या किडन्या नासवत होतं. तिथे ती वनस्पती गव्हाच्या शेतात तण म्हणून वाढायची आणि तिचं बी पिठात जायचं. आपल्याकडे औषधात वापरली जाणारी ईश्वरी याच कुळातली. बाबांच्या चूर्णात ती आहे असं मी म्हणत नाही. नाही असंही कुणी म्हणू शकत नाही, कारण यादीच नाही.

धातूंचंही तसंच. २००८ मध्ये इंटरनेटवरून मागवलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादनं अमेरिकेत तपासली गेली. त्यांतल्या सुमारे एक पंचमांश उत्पादनांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये किडनीच्या गाळण्यांचा एक विशिष्ट आजार पारंपरिक औषधं घेणाऱ्या रुग्णांत वारंवार दिसतो, असं मांडलं. त्यांच्या औषधांच्या नमुन्यांत पारा होता. या आजारात पाय सुजतात आणि लघवीतून प्रथिनं गळतात, म्हणजे फेस येतो. यातली आशेची बाजू अशी, की वेळेवर औषध थांबवलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची गळती थांबली. पाकीट जपून ठेवायला सांगितलं ते म्हणूनच. अल्ब्युमिन फार जास्त आलं तर ते चूर्ण डॉक्टरांना दाखवावं लागेल.

किडनीलाच एवढा त्रास का, असं वाटेल. हृदयातून निघणाऱ्या रक्तातलं सुमारे २० ते २५ टक्के रक्त एकट्या किडन्यांकडे जातं. मग गाळलेल्या द्रवातलं पाणी परत ओढलं जातं तसं त्यात उरलेलं द्रव्य नळ्यांमध्ये दाट होत जातं. त्यामुळे इतर अवयवांना जे सौम्यपणे भेटतं ते किडनीला कितीतरी तीव्र होऊन भेटतं. केरळमध्ये कोलेस्टेरॉल उतरवायला बिलिंबीचा रस पिणाऱ्या दहा जणांच्या किडन्या एकाएकी बंद पडल्या, हे २०१३ मध्ये नोंदवलं गेलं. तो रस ऑक्झॅलेटने भरलेला असतो, आणि त्याचे खडे नळ्यांमध्ये जमले होते. फळ तेच, थोडंसं खाल्लं तर काही होत नाही, पेलाभर रस रोज घेतला की होतं. ज्यांची किडनी आधीच अर्धी आहे त्यांना याहून कमीही पुरतं.

बाबा ‘नैसर्गिक विरुद्ध इंग्रजी’ असा वाद घालतील तर त्यांना आणखी एक गोष्ट सांगा, मला ती फार महत्त्वाची वाटते. किडनी वाचवणाऱ्या आजच्या दोन मोठ्या औषधगटांची मुळं निसर्गातच आहेत. ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषात रक्तदाब उतरवणारी द्रव्यं सापडली. त्यावरून कॅप्टोप्रिल तयार झालं आणि १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या शरीराच्या त्याच साखळीवर पुढच्या कडीला काम करतात. दुसरा गट सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून आला. त्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं द्रव्य १८३५ मध्ये वेगळं काढलं गेलं. ते लघवीतून साखर बाहेर घालवतं, पण पोटातून नीट शोषलं जात नाही, म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा सांगाडा बदलत बदलत डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधं केली. ४,३०४ किडनीरुग्णांवर त्याची चाचणी झाली, तिचे निकाल २०२० मध्ये आले: किडनी निम्म्याने घसरणं, डायलिसिस किंवा किडनीच्या वा हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने येणारा मृत्यू यांचा एकत्रित धोका ३९ टक्क्यांनी कमी. हे औषधही सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वाढवतं, कारण तेही गाळणीतला दाब उतरवतं. बाबांना ते चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. या टप्प्यावरच्या मधुमेही रुग्णाला बऱ्याचदा चालतं.

साप आणि सफरचंदाच्या झाडापासून निघालेली ही औषधं आणि घरातलं चूर्ण यांत फरक एवढाच, की त्यांत नेमकं काय आहे, किती आहे, आणि हजारो माणसांनी वर्षानुवर्षं घेतल्यावर काय झालं, हे मोजून लिहून ठेवलेलं आहे.

बाबांशी बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रातून ते जाणवतं. त्यांच्या हातून रिपोर्ट हिसकावू नका. त्याच रिपोर्टवरून बोला. “तुम्ही वेदनाशामक सोडलीत, मीठ कमी केलंत, त्याने फायदा झाला, ते तसंच चालू ठेवू” इथून सुरुवात करा, कारण ते खरंही आहे. ‘तुमच्या चूर्णाने किडनी जाईल’ अशी भीती घालून उपयोग होत नाही. घाबरलेला माणूस लपवून औषध घेतो, आणि लपवलेल्या औषधाइतकं धोक्याचं दुसरं काही नाही. डॉक्टर रागावतील अशी धास्ती त्यांच्या मनात असणार. अशी धास्ती अनेकांना वाटते, आणि त्याला आम्ही डॉक्टर मंडळी पुष्कळ अंशी जबाबदार आहोत. भेटीआधीच तुम्ही फोनवर सांगून ठेवा, की बाबांना बोलणी बसायला नकोत. आत्याच्या यजमानांनाही दोष देऊ नका. त्यांनी आपल्या माणसासाठी जे सुचलं ते केलं. त्यांना फक्त विचारा: चूर्ण कुणी बनवलं, त्यात काय काय आहे, लिहून मिळेल का?

बाबांचा आयुर्वेदावर विश्वास असेल आणि त्यांना तो उपचार हवाच असेल, तर दार बंद करू नका. शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्यांकडे जा, क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचे रिपोर्ट त्यांना दाखवा आणि औषधातली प्रत्येक वनस्पती नावानिशी लिहून घ्या. तो कागद किडनीच्या डॉक्टरांपुढे ठेवा. भस्म किंवा धातू असलेलं काहीही बाबांच्या किडनीला नको, हे आधीच स्पष्ट सांगा. ज्येष्ठमध मोठ्या प्रमाणात असेल तर तेही नको. त्याने शरीरात मीठ-पाणी साठतं, बीपी चढतं आणि पोटॅशियम घसरतं. एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करा आणि दोन आठवड्यांत रक्त तपासा. चालू गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायच्या नाहीत. यादी लिहून द्यायला जो तयार नसेल त्याचं औषध घ्यायचं नाही, मग तो कितीही जवळचा असो.

पुढच्या तीन महिन्यांत मी बाबांच्या क्रिएटिनिनपेक्षा बीपीकडे आणि लघवीतल्या अल्ब्युमिनकडे जास्त लक्ष देईन. बीपी १३०/८० च्या खाली राहायला हवं. गोळी परत सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वर गेलेलं दिसेल, समजा २.० चं २.२ होईल. तेव्हा बाबा म्हणतील, “बघ, गोळीने वाढलं.” त्या दिवसासाठी आत्तापासून त्यांच्याशी बोलून ठेवा. ती वाढ अपेक्षित आहे, डॉक्टर तिच्यावर नजर ठेवतील, आणि पोटॅशियम ठीक असेल तर गोळी चालूच राहील.

आईला हे चूर्ण अजिबात देऊ नका. निरोगी किडनीला जपण्यासाठी घ्यायचं असं कुठलंच चूर्ण नाही. तिला बीपी आहे, म्हणून बाबांच्या बरोबरच तिचंही क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन एकदा तपासून घ्या, आणि साखरही. सगळं नीट आलं तर वर्षातून एकदा तपासणी पुरे. तिची बीपीची गोळी मात्र एक दिवसही चुकू देऊ नका, आणि घरात उरलेल्या बाबांच्या वेदनाशामक गोळ्या ती कंबरदुखीसाठी घेत नाही ना, हेही बघा.